आता पिंटोचं चाललंय

एका माणसाचा एक किस्सा सांगायला घ्या, दुसरा न बोलावता मागून येतोच. म्हशीमागं रेडकू येतं तसा. आमच्या गुरुपाद मास्तरांच्या बाबतीत तर रेडकांचा अख्खा कळपच आहे! कुठंही बसलो, चहा आला, की कोण तरी म्हणणारच, ‘बापू, ते काडीमास्तरांचं सांगा की.’ मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. घरी जाताना मात्र मला जरा कसंतरीच होतं. पण ते हसणाऱ्यांना कशाला सांगायचं?

आधी माणूस कोण ते ऐका. मास्तर मूळचे संकेश्वराकडचे, घरात कानडी बोलणारे. तरुणपणी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना म्हैसूरला व्हायोलिन शिकायला पाठवलं. आपलं मांडी घालून वाजवायचं नव्हे, विलायती! ताठ उभं राहून, हनुवटीखाली धरून, समोर स्टँडवर कागद लावून. शिकून आले ते राजवाड्याच्या बँडचे मास्तर झाले. मी त्याच बँडात क्लॅरिनेट वाजवायचो. मास्तरांना ना बायको, ना पोर. बँड, व्हायोलिन आणि शिवाजी पेठेतली एक माडीवरची खोली, एवढाच संसार.

त्या खोलीसमोर तालीम. तालमीचे म्हादबा वस्ताद म्हणजे शंभर पावलांवरून कुजबुजले तरी गल्लीला ऐकू जाणार, असा आवाज. मास्तर राहायला आले त्याच दिवशी वस्तादांनी मला अडवलं.

‘बापू, ह्यो पावणा वाजवतो काय?’

म्हटलं, ‘बँडात वाजवत नाहीत वस्ताद, वाजवून घेतात. हातात पांढरी काडी असते, ती हलवतात.’

‘काडी हलवून काय हुतंय?’

‘काडी हलली की तीस माणसं वाजवायला लागतात.’

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, ‘त्यात काय इशेष! आमच्या गल्लीत एक म्हातारी हाय. तीबी नुसती काडी घालती, अन् तीस माणसं वाजवाय लागत्यात. एकमेकाला!’

झालं! त्या दिवसापासून मास्तरांचं नाव पडलं ‘काडीमास्तर’. मास्तरांना ते कळलं तेव्हा ते हसले. पण रात्री जेवताना मला म्हणाले, ‘बापू, काडी घालायला तरी गावात ओळखी लागतात रे. मला कोण वळखतंय इथं?’

*

वळखणारा एकच होता. पिंटो.

गोव्याचा हा गडी, बँडात व्हायोलिन वाजवायचा. काळा, बुटका, सदा हसरा. बँडची प्रॅक्टिस संपली की आम्ही सगळे घरी पळायचो आणि हे दोघे मागं थांबायचे. कुणा जर्मन माणसानं दोन व्हायोलिनांसाठी लिहिलेली एक लांबलचक रचना होती, ती वाजवत बसायचे. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं; मग दुसऱ्यानं बोलायचं, पहिल्यानं ऐकायचं; आणि मधेच दोघांनी एकदम! मी एकदा विसरलेली टोपी न्यायला परत गेलतो. दारातच उभा राहिलो. टोपी विसरलोच परत.

मग संस्थान विलीन झालं आणि बँड मोडला. कोण पोलिसात भरती झाला, कोण लग्नाच्या बँडात गेला. पिंटो निघाला मुंबईला, सिनेमात वाजवायला. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो. मास्तर घुम्यासारखे उभे. गाडीनं शिट्टी मारली तसा पिंटो खिडकीतून ओरडला, ‘बाब गुरुपाद, तोंड कित्याक पाडतोस? रोज दिवेलागणीला तू तुझं वाजव. माझं मी तिकडून वाजवतो!’

सगळा प्लॅटफॉर्म हसला. मीही हसलो. जाणारा माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो की!

पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, वेळ ठरल्यासारखी.

*

मधली काही वर्षं मास्तर कोल्हापुरात एका सिनेमा कंपनीत ऑर्केस्ट्रा चालवत होते. मलाही घेतलं. तिथले शेठ गुळाच्या धंद्यातून सिनेमात आलेले. संगीत त्यांना पोत्यानं मोजायची सवय.

एकदा रेकॉर्डिंगला शेठ येऊन बसले. गाण्यात माझ्या क्लॅरिनेटला सुरुवातीला चार सूर, आणि मग बरीच मोठी रेस्ट. म्हणजे गप्प बसायचं, पण मोजत बसायचं. मी मोजत होतो. शेठ माझ्याकडं बघत होते. शेवटी राहवलं नाही.

‘मास्तर, ह्यो गडी का बसलाय? झोप लागलीय काय त्याला?’

मास्तर काडी खाली ठेवून म्हणाले, ‘शेठ, तो काम करतोय. त्याचं थांबणंबी कागदावर लिवलेलं हाय. तो थांबतो म्हणून दुसऱ्याचं ऐकू येतं.’

शेठनी विचार केला. मान हलवली. आम्हाला वाटलं, पटलं! मास्तरांनी काडी उचलली, तेवढ्यात शेठ म्हणाले, ‘मास्तर, गप बसायला एवढा शिकलेला माणूस कशाला पायजे? गप तर माझा ड्रायव्हरबी बसतोय!’

आणि खरं सांगतो, पुढच्या गाण्याला ड्रायव्हर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. हातात काही नाही. नुसता गप्प. बरा बसायचा, पण मोजायचा नाही.

*

कंपनीही पुढं बंद पडली. मास्तर शिकवण्या करू लागले. शिकायला यायचं कोण? एक जण आला तो पहिल्याच दिवशी मांडी घालून बसला. मास्तर म्हणाले, ‘उठा.’ तो म्हणाला, ‘का? काय चुकलं?’ दुसऱ्या दिवशी आलाच नाही!

पण रोज दिवेलागणीला माडीवरून व्हायोलिन ऐकू यायचंच. थोडं वाजायचं. मग थांबायचं. चांगलं घोटभर पाणी पिऊन व्हावं एवढं थांबायचं. मग पुन्हा मधूनच सुरू. गल्लीत चर्चा, मास्तर विसरत्यात. वय झालं.

एका संध्याकाळी मी तिथंच होतो. मास्तर उभे, व्हायोलिन हनुवटीखाली, गज हवेत धरलेला, डोळे मिटलेले, आणि खोलीत चिडीचूप. खालून वस्तादांची आरोळी आली, ‘मास्तर! संपलं व्हय?’

मास्तर डोळे न उघडता खिडकीकडं तोंड करून म्हणाले, ‘न्हाय वस्ताद. आता पिंटोचं चाललंय.’

वस्ताद तसेच लंगोटावर माडी चढून आले. चारी कोपरे बघितले. खाटेखाली वाकून बघितलं. म्हणाले, ‘दिसत न्हाय, ऐकू येत न्हाय, आणि चाललंय म्हणं! मास्तर, बरं हाय न्हवं?’

मास्तरांनी व्हायोलिन खाली घेतलं. त्यांनी उलट विचारलं, ‘वस्ताद, तुमाला कुस्तीला जोड मिळाली न्हाय तर काय करता?’

‘काय करणार? मल्लखांबाला धरतो. त्याच्यावरच डाव घोटवतो.’

‘खांब उलटा डाव टाकतो काय?’

‘न्हाय की! पण टाकला आसं धरून चालायचं. न्हायतर अंग ढिलं पडतंय.’

‘मग झालं तर,’ मास्तर म्हणाले, ‘माझा खांब मुंबईत हाय.’

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं आणि ते खाली उतरले. थोड्या वेळानं व्हायोलिन पुन्हा थांबलं, तेव्हा खालून पैलवानांना दम भरल्याचा आवाज आला, ‘ए, दंड हळू मारा! दुसऱ्याचं चाललंय तिकडं!’

*

आता तबल्याचा किस्सा. हा सांगताना मला अजून राग येतो.

गावातल्या गाण्याच्या मंडळींनी एकदा मोठ्या मनानं मास्तरांना बोलावलं. बैठकीत मास्तरांनी स्टँड उभा केला, कागद लावला. पुढच्या रांगेतले एक वकीलसाहेब मोठ्यानं म्हणाले, ‘हे काय! अजून पाठ नाही झालं?’

दुसरे म्हणाले, ‘पोथी वाचणार असतील. तीर्थप्रसाद आहे का बघा!’

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग विचारणा झाली, ‘साथीला कोण?’ मास्तर म्हणाले, ‘साथ नको.’ पण साथीशिवाय बैठक म्हणजे मिठाशिवाय आमटी. मंडळींनी एक तबलजी आणून बसवलाच.

मास्तरांनी पिंटोबरोबर वाजवायचे तीच रचना सुरू केली. पहिली रेस्ट आली. मास्तर थांबले. तबलजीला वाटलं, आपल्याला जागा दिली! मोकळी जागा दिसली की तबलजी घुसणारच, त्याच्या बापजाद्यांचा धर्म तो. असा काही तुटून पडला म्हणता! दर रेस्टला तेच. मास्तर थांबले की हा धडाधडा, धडाधडा. लोक ‘वाहवा, वाहवा’ करतायत. मास्तरांनी शेवटी गज खाली ठेवला आणि हळूच कानडीत म्हणाले, ‘साकु.’ म्हणजे पुरे. बँड थांबवायलाही ते तेच म्हणायचे.

आणि मागून आरोळी आली, ‘वन्स मोअर! वन्स मोअर! तबल्याला!’

परत येताना मी तणतणत होतो. मास्तरच मला समजावत होते. म्हणाले, ‘त्याची काय चूक? त्याला मोकळी जागा दिसली. मला तिथं पिंटो दिसतो. माझे डोळे वायले, त्याचे वायले.’ मग जरा चालून म्हणाले, ‘पण एकदा तरी वन्स मोअर मिळायला पायजे होता बघ.’

*

पुढं गावात तापाची साथ आली. घरटी माणूस अंथरुणात. मास्तरही पडले. मी पेज घेऊन गेलो, तर वस्ताद आधीच उशाशी बसलेले, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत. कुस्तीत माणसाचे हात पिळणारा गडी, घडी पिळताना मात्र घाबरत होता. मास्तर तापात बडबडत होते, ‘पिंटो, पळू नगंस... माझ्यासाठी थांब...’ मला बघवेना.

ताप उतरल्यावर तेच वकीलसाहेब रस्त्यात भेटले. मास्तरांना म्हणाले, ‘काय मास्तर, पुन्हा करायचा का कार्यक्रम? यंदा साथीला कोण?’

मास्तर म्हणाले, ‘कोल्हापुरात मला साथ एकच मिळाली वकीलसाहेब. तापाची!’

*

मला एकदा मुंबईत रेकॉर्डिंगचं काम मिळालं. निघताना मास्तर म्हणाले, ‘पिंटोला भेट. दिवेलागणीला वाजवतो का विचार.’

भेटला. जाड झालेला, डोक्यावरचे केस गेलेले, पण हसरा तसाच. एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत पळत होता. मी विचारलं. त्याला आधी कळेचना. मग आठवलं तसं डोक्यावर हात मारून घेतला.

‘दिवेलागणीला? आरे, त्या वेळेला माझी शिफ्ट असते! म्हातारा अजून वाजवतोय?’

हसता हसता त्याचं हसणं थांबलं. डोळे पुसले आणि म्हणाला, ‘त्याला सांग... काय सांगशील?’ तेवढ्यात आतून बोलावणं आलं आणि तो गेला.

कोल्हापूरला उतरलो तर मास्तर स्टेशनवर हजर! सामानही खाली ठेवू दिलं नाही. ‘काय म्हणाला पिंटो?’

गाडीत सगळी रात्र हाच विचार करत होतो. म्हटलं, ‘मास्तर, राग मानू नका. तो म्हणाला, तुम्ही हल्ली जरा पुढं पळताय.’

मास्तर असे भडकले! ‘मी पळतो? मी? आरं, तोच मागं राहतो! पहिल्यापासून मागं राहतो! त्याला म्हणावं, आधी स्वतःचं मोजाय शीक!’ स्टेशनपासून पेठेपर्यंत पिंटोला शिव्या. कानडीत, मराठीत, मोडक्या कोंकणीत. इतकं खूश झालेलं मी त्यांना बँड मोडल्यापासून बघितलं नव्हतं.

आणि त्या संध्याकाळपासून मास्तर जरा सावकाश वाजवायला लागले.

*

मग मंजू आली. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याची मुलगी. बाप म्हणाला, ‘पेटी काय, सगळ्यांच्याच पोरी वाजवत्यात. हिला काहीतरी येगळं शिकवा, म्हणजे स्थळं चांगली येतील.’

पोरगी हुशार निघाली. न सांगता उभी राहायची. कागद वाचायला लागली. आणि एक दिवस मास्तरांनी ट्रंकेतून पिंटोच्या भागाचे कागद काढून तिच्यापुढं लावले. मला म्हणाले, ‘बापू, इतकी वर्षं अर्धंच ऐकतोय. अख्खं कसं हुतं ते इसराय लागलोय मी. एकदा तरी कानानं ऐकू दे. मग मेलो तरी चालेल.’ मी म्हटलं, ‘मरायचं काय बोलताय?’ पण मला त्यांचं कळत होतं.

पिंटोचा भाग तिनं तोंडपाठ केला. आता दोघांनी मिळून बसवायचं, एवढंच राहिलं. तेवढ्यात गारगोटीहून पाहुणे आले तिला बघायला!

कांदेपोहे झाले. मुलाचे वडील म्हणाले, ‘काय येतं मुलीला?’ मंजू उभी राहिली आणि जे येत होतं तेच वाजवलं. पिंटोचं. एकटीनं. रेस्टांसकट! वाजवायची, थांबायची. खाली मान घालून मोजायची. पुन्हा वाजवायची. बापाला घाम फुटला. त्याला वाटलं, पोरगी विसरली, स्थळ गेलं!

संपल्यावर मुलाची आत्या, घरातली मुख्य बाई, पदर सावरत म्हणाली, ‘मला एक आवडलं. पोरगी मधे मधे गप बसती. आमच्यात एकबी सून गप बसत न्हाय. पसंत हाय!’

पंधरवड्यात लग्न. पेढे घेऊन मंजूच मास्तरांकडं आली आणि पाया पडताना रडायला लागली. ‘मास्तर, आपलं राहिलं.’ मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘राहू दे गं पोरी. थांबायची सवय हाय मला.’ ती गेल्यावर पेढा हातात तसाच धरून बसले. मला त्या आत्याच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या!

*

आता शेवटचा सांगतो.

त्याच साली तालमीच्या गणपतीत वस्तादांनी जाहीर करून टाकलं, लेझीम झाली की मास्तरांचं व्हायोलिन! पोरं कुरकुरली तर म्हणाले, ‘ज्याला ऐकायचं न्हाय त्यानं माझ्यासंगं आखाड्यात यावं.’ कोण जातंय? मंजूला निरोप गेला. तिच्या सासरच्यांनीही, आत्याबाईंसकट, हो म्हटलं. ‘सकाळच्या एस.टी.नं येते,’ म्हणाली.

मास्तरांनी काळा कोट धुऊन इस्त्री करून आणला. दाढी दोनदा केली. मांडवात दोन स्टँड उभे केले. एकावर त्यांचे कागद, एकावर पिंटोचे.

सकाळची गाडी आली नाही. दुपारीही नाही. संध्याकाळी एक जण सायकल खांद्यावर मारून, कमरेपर्यंत भिजलेला आला. म्हणाला, ‘रस्त्यावर पाणी हाय. गारगोटीकडनं काय बी येत न्हाय.’

मांडव भरलेला. अख्खी पेठ बसलेली. मी म्हटलं, ‘मास्तर, क्लॅरिनेट आणतो. पिंटोचं मी काढतो कसंबसं.’

मास्तर म्हणाले, ‘नको बापू. जागा ज्याची त्याचीच ऱ्हाऊ दे.’

दिवेलागण झाली. मास्तर उभे राहिले. दुसरा स्टँड हलवला नाही. सुरुवात केली. पहिली रेस्ट आली आणि ते थांबले. मला वाटलं, आता कोण तरी ‘संपलं व्हय?’ म्हणणार. मागं कोण तरी खोकलंही. तसे म्हादबा वस्ताद फेटा सावरत उठले आणि मांडवावरून एक नजर फिरवली. आणि खोटं सांगत नाही, शिवाजी पेठेत मी तेवढी शांतता ना आधी कधी ऐकली, ना नंतर.

मास्तर वाजवत होते, थांबत होते. थांबले की मान किंचित कलती करून ऐकायचे. एका मोठ्या रेस्टला तर गालातल्या गालात हसले, कुणी एखादी जागा फार छान घेतल्यासारखे. तालमीतली पोरं त्या रिकाम्या स्टँडकडं बघत होती. बायका तिकडंच बघत होत्या. काय सांगू, मीही बघत होतो.

संपलं. मास्तरांनी गज खाली घेतला. लोकांना कळेना, हे थांबणं आहे की संपणं आहे. कोणी हलेना.

वस्ताद उभे राहिले. फेटा काढून हातात घेतला आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असे ओरडले,

‘वन्स मोअर! दोघास्नीबी!’